मत दिलाय, मती नाय

जनूकाकांबरोबर एस.टी.नं प्रवास करू नये. रोह्याहून पेणला निघालेली गाडी वडखळला चहासाठी वळायला लागली, की काका सीटवरून उठतात आणि ड्रायव्हरला विचारतात, "कोनाला इचारलंस?" मग प्रवाशांकडे वळून, "चाय पायजेल त्यांनी हात वर करा!" एकदा खरोखरच बहुमतानं चहा पडला आणि गाडी न थांबता पुढे गेली. वडखळपासून पेणपर्यंत ड्रायव्हर आरशातून काकांकडे बघत होता, तसं माझी बायकोसुद्धा कधी माझ्याकडे बघत नाही.

मी त्यांचा शेजारी. कासूच्या हमरस्त्यावरून खाडीकडे वळलात, की आमचं गाव लागतं. मी कंपनीत शिफ्टला जातो. रात्रपाळी करून येऊन जरा डोळा लागतो, तोच खिडकीत काका. "झोपलास काय रं? एक मत दे." अर्ध्या झोपेत मी गावच्या नळाबद्दल, देवळाच्या रंगाबद्दल आणि एकदा त्यांच्या मांजरीच्या नावाबद्दल मत दिलेलं आहे. मांजरीचं मला आठवत नाही, पण तिला ते 'सरिता' म्हणतात आणि खापर माझ्यावर फोडतात.

काका एका जागी बसत नाहीत. बोलताना ओटीवर येरझाऱ्या घालतात, आणि ऐकणाऱ्याची मान दुखायला लागते. त्यांचं म्हणणं एकच. पाच वर्षांतनं एकदा बटण दाबून घरी जायचं, ही कसली लोकशाही? ज्याच्या पायाला चिखल लागतो, त्यानं ठरवलं पाहिजे.

यंदा ग्रामसभेत ते सरपंचांच्या समोरच उभे राहिले. खाडीच्या बांधाला नवी उघाडी बसवायची होती. शेतातलं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी बाहेर अडवायचं, असलं ते दार. जुनी कुजली होती. उधाण आलं की खारं पाणी भातात. सरपंचांनी जागा ठरवून टाकली होती, आणि ती नेमकी त्यांच्याच शेताच्या सोयीची होती.

"कोनाला इचारलंस?" काका म्हणाले.

"काका, लोकांनी मला मत दिलाय ना?"

"मत दिलाय. मती नाय दिली."

सभा हसली, आणि हसू थांबलं तेव्हा सरपंच अडकले होते. काकांनी तिथंच मडकं मागवलं. गावातल्या प्रत्येक सज्ञान माणसाच्या नावाची चिठ्ठी त्यात टाकायची, नऊ काढायच्या, आणि त्या नऊ जणांनी बांध पाहून, भांडून, काय ते ठरवायचं. "करा तुमचा खेळ," म्हणत सरपंचांनी हात झटकले.

चिठ्ठ्या निघाल्या. त्यात कमी ऐकू येणारी बारकीआजी होती, दुपारनंतर शुद्धीत नसणारा एक मेकॅनिक होता, आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सुगंधा होती. काकांचं नाव निघालं नाही.

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ती सभा काकांच्याच ओटीवर भरली आणि काकांना तिथं तोंड उघडायची परवानगी नव्हती. ते चहा करायचे. कप द्यायला बाहेर आले की दारात रेंगाळायचे, ओठ हलायचे, आणि आजी ओरडायची, "जन्या, आत जा!"

ते नऊ जण भरतीच्या वेळी बांधावर फिरले. चिखलात रुतले, एकमेकांवर ओरडले. मेकॅनिक चक्क दुपारीही शुद्धीत राहायला लागला. घरी सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडलेली सुगंधा एके दिवशी म्हणाली, "माझा माहेर पन खाडीवरचा. उघाडी जुन्या नाल्याच्या तोंडावर बसवा. पानी आपसूक जाईल." सगळ्यांना पटलं. पण तो बुजलेला नाला मोकळा करायचा तर काकांचं अर्धं शेत जात होतं.

"काकांना इचारायला पायजे ना गो," कुणीतरी म्हणालं.

काका किटली घेऊन दारातच होते. त्यांचा चेहरा पडला. "फेरमतदान घ्या," ते म्हणाले. "परत इचार करा. घाई झाली."

"तुझा नाव निंगाला व्हता काय?" आजीनं विचारलं.

काकांनी किटली खाली ठेवली आणि ते तडक शेताकडे चालायला लागले. मी मागोमाग गेलो. ते बांधाच्या कडेकडेनं भराभर फेऱ्या मारत होते, स्वतःशीच भांडत होते. मग एकाएकी थांबले. खाली वाकून त्यांनी एक ढेकूळ उचललं, हातात चुरलं.

"बरोबर ठरवला त्यांनी," ते म्हणाले. "हाच तर इपरीत हाय."

दुसऱ्या दिवशी नाल्याच्या खुणेच्या खुंट्या त्यांनी स्वतः ठोकल्या. नाला मोकळा झाला, उघाडी बसली. पावसाळ्यात मोठं उधाण आलं आणि गेलं, भात हिरवं राहिलं. सरपंचही आता म्हणतात, उघाडी आम्हीच बसवली.

काम संपलं. ओटी रिकामी झाली.

एका दुपारी काका माझ्या खिडकीत आले. "गावात काय प्रश्न शिल्लक नाय काय रं? बारकासा पन चालेल."

"सध्या तरी नाही, काका."

"बरा हाय मग," ते म्हणाले, पण हलले नाहीत. त्यांच्या खांद्यावरून मला त्यांची ओटी दिसत होती. त्यांनी सतरंजी अंथरून ठेवली होती. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी पनवेलला. त्या घरात मत एकच होतं, आणि त्याला विरोध करायला कुणी नव्हतं. हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

तेवढ्यात बारकीआजी फडक्यात भाकऱ्या आणि सुकट बांधून आली आणि सरळ सतरंजीवर बसली. मागून सुगंधा आली. मीही चपला घातल्या.

काका धावतच ओटीवर पोचले. "काय झाला? इषय काय?"

"काय नाय," आजी म्हणाली. "चाय ठेव."

"आनी मीटिंग?"

"मीटिंग नाय रं. असाच आलूं."

काका मान डोलावून आत गेले. बराच वेळ झाला तरी स्टो पेटल्याचा आवाज आला नाही. मी उठायला लागलो, तर आजीनं माझा हात धरून मला खाली बसवलं आणि फडकं सोडून भाकऱ्या मोडायला घेतल्या.