आबासाहेबांचा ई-मेलचा पत्ता

थाप तशी एवढीशीच होती. साल नव्याण्णव. अनिताला बघायला आलेला अविराज पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत होता. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "आमचं उत्तर ई-मेलनं कळवलं तर चालेल?"

अनिताचे वडील आबासाहेब (ज्यांनी तोवर कॉम्प्युटर फक्त माळेगावच्या कारखान्याच्या ऑफिसात, तोही काचेबाहेरून पाहिला होता) छाती फुगवून म्हणाले, "चालंल की! आपल्याकडं हाय."

"पत्ता सांगता?"

"आबासाहेब, निमगाव केतकी. येवढं बास. डोळं झाकून आणून देत्यात."

अविराजनं हसू दाबत लिहून घेतलं. मुलगा आबासाहेबांना पसंत होता आणि अनिताला त्याहून जास्त.

पाहुण्यांची जीप वळली आणि आबासाहेबांनी बारामतीची एसटी धरली. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून कॉम्प्युटर, मोडेम, वायरीचं भेंडोळं आणि वीज गेली तर असावा म्हणून बॅटरीचा जडशीळ डबा, असा सगळा संसार घरात आला. बिरदेव मेकॅनिकनं मोडेमची वायर फोनला जोडली. मोडेम असा किंचाळला की आबासाहेबांच्या बायको बनाबाई उतू जाणारं दूध सोडून पळत आल्या.

"अवो, काय चिरडलं का काय!"

"पुणं लागलं!" आबासाहेब आनंदानं ओरडले. आळीतल्या लोकांनी खिडकीत गर्दी केली.

निघताना बिरदेव म्हणाला, "मेणकापडावर माउस घसरतोय. खाली पॅड लागंल, तेवढं आणायचं राह्यलं."

"बघू फुडं. आता लाईन तोडायची न्हाय. पत्र येऊन माघारी गेलं तर?"

आबासाहेब पडद्यापुढून हलेनात. लाईन तुटली की पुन्हा जोडायची. जेवणाचं ताटही तिथंच. दुसऱ्या दिवशी पोस्टमन एक जाड पाकीट देऊन गेला. कोपऱ्यांना हळदकुंकू, म्हणजे कुणाची तरी लग्नपत्रिका! (लगीनसराईत अशा रोज दोन येत.) न फोडताच त्यांनी ते माउसखाली सारलं. माउस काय झकास चालायला लागला!

तिसऱ्या दिवशी अनिता म्हणाली, "आबा, नकार असंल तर सरळ सांगा. मी रडणार न्हाय." आणि लगेच रडली.

तेवढ्यात दारात जीप थांबली. अविराजचे वडील बापूसाहेब तावातावानं आत आले.

"तीन दिस फोन लावतोय, एंगेज! पत्राला उत्तर न्हाय. म्हणलं, ह्यांचा नकार हाय. निघालो व्हतो इंदापूरला दुसरी पोरगी बघाया. पर अविराजनं हितं जीप थांबवली. म्हणतोय, आदी तोंडी इचारा."

"पण ई-मेल..."

"त्यो कुठं करायचा? तुमी दिलेल्या पत्त्यावर पोस्टच चालतं! पोरानं त्याच सांजंला होकार टाकलाय. कुंडलीसकट, पाकिटाला हळदकुंकू लावून."

आबासाहेबांनी हळूच माउस उचलला.

बनाबाईंनी पाकीट ओढून घेतलं. "लेकीचं लगीन घासत बसला व्हता व्हय!"

अनिता डोळे पुसत आत पळाली आणि आतून तिचं हसू ऐकू आलं. जीप इंदापूरला गेलीच नाही.

साखरपुड्यात व्याह्यांनी आबासाहेबांना मानाचा टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. आबासाहेबांनी भर मांडवात ऐटीत टॉवेलाची घडी झटकली. आतून माउसचं नवंकोरं पॅड पडलं. त्यावर जावयाच्या अक्षरात लिहिलं होतं: आबासाहेब, निमगाव केतकी.