लाल बटण

रविवारी ऐन पुरणाच्या वेळी मिक्सर बंद पडला, आणि पद्मावतीबाई काही बोलायच्या आत हिम्मतराव तो काखोटीला मारून निघालेही. लेकीच्या लग्नानंतर विहीणबाई पहिल्यांदाच जेवायला यायच्या होत्या, दुपारी एकला. पण रेल्वेच्या सिग्नल खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस मिक्सरपुढे हार मानतो की काय!

विद्यानगरच्या हॉलमध्ये दर रविवारी वर्ग भरे. ज्याला जे येतं ते त्यानं इतरांना शिकवायचं. नियम एकच, शिकवणाऱ्यानं हात लावायचा नाही. आज शिकवणारे हिम्मतराव, आणि हा नियम त्यांच्या पथ्यावरच पडला, कारण मिक्सरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

"उघडा," त्यांनी हुकूम सोडला.

उमाजी टेलरनं स्क्रू काढले. कॉम्प्युटर कंपनीतल्या निशिगंधानं प्रत्येक भागाचा फोटो घेतला. मग मिक्सर पालथा करून ती म्हणाली, "काका, खाली हे लाल बटण कसलं?"

"हात नक्को लावू, पोरी. लाल म्हणजे धोका. आमच्या खात्यात लाल ओलांडला की माणूस घरी बसायचा."

उमाजीनं तत्परतेनं बटणावर चिकटपट्टी मारली. मग त्यानं शिलाई मशीनचं तेल सोडलं, निशिगंधानं फोटो बघून सगळं जोडलं. दोन स्क्रू उरले, ते हिम्मतरावांनी गुपचूप खिशात टाकले. स्विच दाबला. मिक्सर ढिम्म.

"पुन्हा उघडा."

तीनदा उघडला, तीनदा जोडला. बारा वाजेपर्यंत उमाजी डोळे मिटून मिक्सर खोलू लागला, पण मिक्सर काही बोलेना. हिम्मतरावांना विहीणबाईंच्या ताटात नुसती डाळ दिसू लागली.

तेवढ्यात डाळीचं पातेलं आणि मिक्सरचं भांडं घेऊन पद्मावतीबाई रिक्षातून उतरल्या. "झाला का सुरू?"

"शिकणं सुरू आहे," हिम्मतराव पुटपुटले.

बाईंनी मिक्सर पालथा केला, चिकटपट्टी ओढली आणि लाल बटण दाबलं. "डाळ जास्त झाली की हे बाहेर येतं. परत दाबायचं. सकाळी तेच सांगणार होते, पण ऐकायला थांबलात कुठं?"

मिक्सर घुरघुरला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. हिम्मतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पुरण तिथंच वाटून झालं आणि विहीणबाईंनी तीन पोळ्या मागून खाल्ल्या, तेव्हा त्यांची कळी पुन्हा खुलली.

पुढच्या रविवारी फळ्यावर लिहिलं होतं, 'मिक्सर दुरुस्ती. शिकवणार : पद्मावतीबाई.' पहिल्या रांगेत वही-पेन घेऊन हिम्मतराव बसले होते.

"हात कोण लावणार?" उमाजीनं विचारलं.

"हेच लावतील," पद्मावतीबाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "पण आधी खिशातले दोन स्क्रू टेबलावर ठेवा."