टाकी धुतल्याचा दिनांक

सृष्टी सहादू गांगुर्डे, वय नऊ, इयत्ता चौथी, हिचे पोट दुखते, ही बाब २००३ च्या जुलैपर्यंत खासगी होती.

मग डॉक्टरांना तिच्या जठरात जंतू सापडला. "वर्षभर मुक्काम दिसतोय," ते म्हणाले. "म्हणून भूक नाही, रक्त कमी, उंची जागच्या जागी. चौदा दिवस औषध द्या. पण तो आला कुठून ते शोधा, नाहीतर पुन्हा येईल."

सहादू अंबडच्या कारखान्यात फिटर. आधी बिघाड शोधायचा, मग पाना उचलायचा, ही त्याची शिस्त. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, पाण्याचीही झाली. काही निघालं नाही. उरली शाळा.

शाळेच्या गच्चीवर सिमेंटची टाकी. टाकीवर निळी अक्षरं :

टाकी धुतल्याचा दिनांक – १४/७/२००३

"कालच धुतली," मुख्याध्यापिका प्रतिभाबाई म्हणाल्या. "वाचता येतं ना?"

रंगारी मंगळू शिडीवरून उतरत होता.

"मंगळूभाऊ, टाकी तुम्हीच धुता?"

"टाकी? नाय बा. मी तारीख धुतो. जुनी खरवडायची, नवी काढायची. माझ्याकडं ब्रश हाय, खराटा नाय."

"मग टाकी कोण धुतं?"

"एवढी ठसठशीत तारीख असल्यावर परत कशाला कोण धुईल?"

सहादूने आरोग्य खात्यात अर्ज भरला.

जंतूचे संपूर्ण नाव : डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आहे, लागत नाही.
सध्याचा पत्ता : मुलीचे जठर.
सदर पत्त्यावर वास्तव्य : एक वर्ष.

कारकुनाने चष्मा वर केला. "म्हणजे जंतू तुमच्याकडेच राहतो. शाळेचा काय संबंध?"

"अहो, तो टाकीतून आलाय!"

"टाकी सोडल्याचा दाखला आणलाय त्याने?"

सहादूने सृष्टीला घरून बाटली दिली. प्रतिभाबाईंनी ती कपाटात ठेवली. बाटली आणणे म्हणजे टाकीवर अविश्वास, आणि अविश्वासाला शाळेत परवानगी नव्हती.

पुढच्या सोमवारी अर्धी चौथी पोट धरून बसली. खात्याने तातडीने दखल घेतली : तारीख यापुढे रोज बदलावी. मंगळू हरखला. तरीही पोटं दुखायची थांबेनात, तेव्हा खात्याने मुळावरच घाव घातला. प्रत्येक मुलाच्या छातीवर बिल्ला लागला :

पोट साफ केल्याचा दिनांक.

रोज प्रार्थनेनंतर मंगळू रांगेतून ब्रश फिरवत जायचा. तपासणी समिती आली, बिल्ले वाचले, शाळेला पहिला क्रमांक दिला. फोटोत सृष्टी पुढच्या रांगेत, दोन्ही हात पोटावर.

"बाबा, उद्यापासून गोळ्या नाहीत ना?" तिने विचारलं. "मग शाळेतलं पाणी प्यायचं?"

चौदावा दिवस होता. सहादू पाना घेऊन गच्चीवर चढला. झाकणाचे गंजलेले बोल्ट कुरकुरले, सुटले. त्याने आत डोकावलं आणि नाकाला रुमाल लावला. खालून प्रतिभाबाई ओरडल्या, "एकट्याचं पाहणं नियमात बसत नाही! पंचनाम्याला दोन पालक लागतात!"

सहादू कठड्याशी येऊन हाका मारतोय. शाळा सुटायची वेळ आहे, फाटकाशी पालकांची ही गर्दी. तुम्हीही आहात. तुम्ही मान वर केलीत, टाकीवरची आजची तारीख वाचलीत, समाधानाने मान हलवलीत, आणि स्कूटरला किक मारलीत.