सेतुरावांच्या पिवळ्या चिठ्ठ्या

सेतुराव चांगले ठणठणीत असताना मी त्यांच्यासाठी हार घेऊन गेलो. तीच आमची पहिली ओळख.

चेन्नईत ज्या दारापुढे सकाळी कोलम, म्हणजे आपली रांगोळी, दिसत नाही, त्या घरात काहीतरी वाईट झालेलं असतं. पुण्याहून बदली होऊन आल्यावर सहा महिन्यांत मी मिळवलेलं हे ज्ञान. समोरच्या दारापुढे सलग दोन दिवस कोलम नव्हता आणि आत म्हातारा एकटा. मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं, कोपऱ्यावरून गुलाबाचा हार आणला आणि चेहरा पाडून बेल दाबली. दार उघडलं ते तोंडात टूथब्रश धरलेल्या सेतुरावांनीच. त्यांनी हाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आत जाऊन चूळ भरून आले आणि म्हणाले, "जोशी सार, डोळ्यांनीं पाहिलांत, का नुसतें समजलांत?"

बायको गेल्यापासून कोलम तेच काढायचे, ठिपके मोजूनमापून. दोन दिवस कंबर धरली होती, एवढंच. हार त्यांनी देवाच्या तसबिरीला घातला आणि माझ्या हातावर एक पिवळी चिठ्ठी ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'तपासणी बाकी'.

सेतुराव तंजावरकडचे मराठी. बोलणं जुन्या दस्तऐवजातल्यासारखं, त्यात मधूनमधून तमिळ. अंबत्तूरच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर पंपांचे सुटे भाग तपासले. तिथे चांगल्या मालाला हिरवी चिठ्ठी, वाईटाला लाल आणि शंका असेल त्याला पिवळी. पिवळी लागली की तो नग तपासल्याशिवाय कुणी हलवायचा नाही. निवृत्त होताना त्यांनी पिवळ्या चिठ्ठ्यांचं एक खोकं घरी आणलं आणि शेजाऱ्यांच्या डोक्यातला माल तपासायला घेतला.

मोठं गिऱ्हाईक अर्थातच मी. साहेबांनी एकदा माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही, तर जिना चढेपर्यंत माझी बदली थेट आसामात झालेली होती. सेतुरावांनी चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी कळलं, साहेबांची दाढ काढली होती. माझ्या बाबतीत नेहमी असंच होतं, असं मी म्हणालो की ते बोट वर करायचे. "नेहमीं? किती वेळां?" मी आठवायला लागायचो आणि गाडी दोनाच्या पुढे जायची नाही. पुण्यातली लेक फोन उचलेना म्हणून आमच्या हिने मनातल्या मनात तीन इस्पितळं पालथी घातली, तेव्हा त्यांनी चिठ्ठी थेट फ्रिजवर चिकटवली. लेक झोपली होती.

या चिठ्ठ्यांनी घात केला तो त्यांच्याच घरी. मुलाने, रघूने, नुंगंबाक्कमला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला सासरची सगळी मंडळी जमलेली, आणि सेतुरावांनी हॉलच्या तुळईला बारीक तडा पाहून, स्टुलावर चढून, तिथे पिवळी चिठ्ठी लावली. रघूचे सासरे बराच वेळ वर बघत राहिले. त्यानंतर आठ महिने बापलेकांत बोलणं नाही.

मग एका शुक्रवारी रघूचा मेसेज आला. 'रविवारी जेवायला या.'

शुक्रवार संध्याकाळपासून सेतुराव आमच्या दारासमोरून येरझारा घालत होते. दर फेरीला नवी शंका. सुनेने लिहायला लावलं असेल. फ्लॅट विकायचा असेल, सही हवी असेल. कुणाला मोठा आजार निघाला असेल. शनिवारी दुपारी ते आत येऊन म्हणाले, "त्याला मी नको. मला ठाऊक आहे." खिशात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, पण एकही बाहेर निघाली नाही.

रविवारी मी त्यांना बसमध्ये बसवलं. दोनदा ते मधल्याच स्टॉपवर उतरायला उठले, दोनदा मी शर्ट धरून खाली बसवलं. रघूच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तरी ते आतच उभे. शेवटी बेल मीच दाबली.

रघूने दार उघडलं. सेतुराव उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "तूं रागांत आहेस."

मला वाटलं, आता तो नाही म्हणेल आणि सगळं गोड होईल. माझी ही खोड गेलेली नाही.

"आहे अप्पा," रघू म्हणाला. "सगळ्यांपुढे चिठ्ठी लावलात. राग आहेच. म्हणून यायचं नाही, असं कोण सांगितलं? आठ महिने वाट बघितलं. या, रसम निवतंय."

सेतुराव चपला काढून आत गेले. तीन वेळा रसमभात घेतला. सबंध जेवणात त्यांनी एकदाही मान वर करून तुळईकडे पाहिलं नाही. नंतर सुनेने राहायचा आग्रह केला तेव्हा त्यांनी आधी रघूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला एकट्याला परत जायला सांगितलं.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. राग असून माणसाला जेवायला बोलवायचं, वाट बघायची, हे मला नवलच वाटलं, असंही म्हणालो.

ही कणीक मळत होती. "गेल्या महिन्यात मी आठ दिवस रागावले होते तुमच्यावर," ती म्हणाली. "दोन्ही वेळा गरम पोळी पानात पडत होती, म्हणून तुम्हाला कळलं नाही."