खास मातीचा घट

मातीतलं मला कुणी शिकवायचं नाही! त्र्याऐंशी साली मी नाशिकला कुरण सुधार योजनेच्या कचेरीत टायपिस्ट होतो. दिवसभर माती, गवत, बियाणं हेच टाइप करायचो. त्यामुळे सासूबाई, म्हणजे रंगूबाई, नवरात्रात पिंपळगावहून पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "घटाची माती मी आणतो!"

"चांगली आणा बरं," आमची सौ. मैना म्हणाली. "आईसमोर माझं नाक कापलं जायला नको."

"अगं, घट असा उगवेल की शेजारीपाजारी बघायला येतील!"

कचेरीत मातीची दोन पोती होती. एक साधं. दुसऱ्यावर साहेबांनी स्वतः खडूनं 'खास' लिहिलेलं. आता सासूबाईंसाठी कुणी साधी माती नेतं का?

पाचवी माळ आली. शेजारच्या मालनबाईंचे गहू वीतभर वाढले. आमच्या घटाला तुळतुळीत टक्कल! शेजारीपाजारी खरंच बघायला आले.

"घरात अंडंबिंडं खाल्लं का कुणी?" सासूबाईंनी विचारलं. मैनेनं माझ्याकडे पाहिलं आणि रडायलाच लागली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना हळूच विचारलं, "साहेब, ती खास माती म्हणजे काय हो?"

"अहो, प्रयोगासाठी घाणेरीच्या पानांचा अर्क मुरवलाय तिच्यात! घाणेरी आपल्या रसानं शेजारचं बीच उगवू देत नाही. म्हणून माळावर तीच माजते नि गुरं उपाशी राहतात. त्या मातीत काहीही पेरा, कोंब म्हणून दिसायचा नाही! का हो, घाम का फुटला?"

कचेरीतल्या साध्या मातीच्या ट्रेमध्ये मात्र गवत झकास तरारलं होतं. मायलेकी कालिकेच्या जत्रेला गेल्या, तसा मी मूठभर रोपं जेवणाच्या डब्यात कोंबून घरी पळालो आणि घटात एकेक खोचली.

"देवी पावली गं आई!" परत आल्यावर मैना नाचायचीच बाकी राहिली. मीही भक्तिभावानं हात जोडले.

दसऱ्याला सासूबाईंनी माझ्या टोपीत खोचायला धान उपटलं. पातं चुरगाळलं, हुंगलं.

"मैने, हे गहू नाय. हे पवन्या गवत हाय!"

मी टोपी डोळ्यांवर ओढली.

"अगं बाई! मग आता गं?"

"आता काय! देवीला समदं ठावं. ज्याच्या घरात जे खपतं, तेच ती देती!" असं म्हणून त्यांनी मूठभर गवत माझ्या टोपीत खोचलं.

"आई, अजून थोडं घाल," मैना पदर तोंडाला लावून म्हणाली. "संध्याकाळपर्यंत पुरायला हवं त्यांना!"