घ्या एकदाचं ते घर!

"वहिनी, दादा म्हणतो, तुम्हाला नवरा सोडता आला, पण दोन खोल्या सोडवत नाहीत." चपला काढता काढता धाकट्या नणंदेने निरोप टाकला, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी हातातला भरला कप बशीसकट टेबलावर आदळला.

घटस्फोटाला दीड वर्ष झालं होतं. नवरा गेला, आडनाव गेलं, पण घराच्या कागदावर दोघांची नावं अजून शेजारी शेजारी नांदत होती. अर्धं घर बाईंचं, अर्धं त्यांच्या माजी नवऱ्याचं, म्हणजे घड्याळजींचं. घड्याळजी आपल्या दुरुस्तीच्या दुकानामागे राहत, बाई घरात. आणि अख्खं घर दोघांनाही हवं होतं. दोघं एकमेकांशी बोलत नसत, म्हणून निरोप नणंद पोचवी. पोचवताना स्वतःच्या पदरचं थोडं तिखट घाली, तेवढीच तिची हमाली.

"त्यांना म्हणावं," बाई कडाडल्या, "एकवीस वर्षांत ह्या घरात एक खिळा धड ठोकला नाही तुम्ही. मालक म्हणे!"

"सांगते हं. अस्संच्या अस्सं सांगते," नणंद खुशीत म्हणाली.

त्या दिवशी बाईंनी सातवीच्या अख्ख्या वर्गाला विनाकारण उभं केलं. आपण हावरट? आपण? त्यांच्या तोंडावर फेकावं अर्धं घर, म्हणजे जन्मभर मान खाली घालून राहतील त्यात! दुसऱ्या दिवशी चित्रकलेचे सर आणि शाळेचा शिपाई असे दोन साक्षीदार घेऊन बाई नोंदणी कार्यालयात थडकल्या आणि आपला अर्धा हिस्सा त्यांनी घड्याळजींच्या नावे सोडून दिला.

"बदल्यात काय घेतलंत?" पहिल्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"समाधान."

"त्याला रकाना नाही, बाई. 'काही नाही' लिहितो."

चार दिवसांनी शिक्का मारलेली प्रत घ्यायला बाई गेल्या, तर रांगेत पुढे घड्याळजी! बाईंना पाहून त्यांनी मान फिरवली. कारकुनाने दोघांचे कागद शेजारी ठेवले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले.

"कमाल आहे. अकरा-दहाला बाईंचा अर्धा हिस्सा ह्यांच्या नावे झाला. आणि त्याच दिवशी साडेअकराला दुसऱ्या खिडकीवर ह्यांनी आपला अर्धा बाईंच्या नावे करून टाकला. म्हणजे घर पुन्हा दोघांचं. अर्धं-अर्धं."

"तिला खिळे ठोकणारा मालक हवाय," घड्याळजी छताकडे बघत म्हणाले. "म्हटलं, घे सगळं घर आणि बस ठोकत!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "देण्यातही आडवे! घटस्फोटाचा अर्जसुद्धा माझ्या आधी दोन दिवस ह्यांनीच केला. त्यांना म्हणावं, कागद मागे घ्या."

"तिला म्हणावं, आधी तू घे."

"समोर उभे आहात," कारकून म्हणाला. "थेट बोला ना."

"तुमचं दिलेलं मी ठेवून घेणार नाही!" बाई थेट बोलल्या.

"कधी घेतलंस? आणलेली प्रत्येक साडी दुकानात परत जायची!"

"रंग बघितले होते का त्यांचे?"

मागची रांग पुढे सरकून ऐकू लागली. कारकुनाने घाईघाईने एक अर्ज पुढे केला. "कोणालाच घर नको असेल, तर वरच्या साहेबांकडे जावं लागेल. अर्ज एकच, दोघांचा. कारण लिहा."

बाईंनी पेन हिसकावलं आणि कागद फाटेल इतक्या जोराने लिहिलं: 'समोरच्या व्यक्तीची मेहरबानी नको. तिचं तोंडही पुन्हा बघायचं नाही.'

घड्याळजींनी अर्ज ओढून घेतला. डोळ्याला भिंग लावल्यासारखा बारकाईने वाचला. चूक शोधली, पण सापडेना. मग दात-ओठ खात त्यांनी खाली लिहिलं: 'वरीलप्रमाणे.'

"छान, एकमत आहे," कारकुनाने शिक्का उमटवला. "आता मंगळवारी दोघांनी बरोबर या. शेजारी शेजारी बसून एक फोटो काढावा लागेल."