चटईचा रस

जगात धुऊन स्वच्छ होत नाही अशी वस्तूच नाही, असं सुलतानपूरच्या निवृत्तीचं ठाम मत होतं! आणि हे मत हवेतलं नव्हतं. त्याच्या मळ्यातले मुळे बाजारात आले की शेजारच्यांचे मुळे आजारी दिसायचे. गाजरं तर तो हौदात अशी घासायचा की गिऱ्हाईक विचारायचं, "रंग दिला काय हो?" चिखल असो, ग्रीस असो, निवृत्तीपुढे डागाने हात टेकलेच पाहिजेत!

त्या दुपारी मात्र निवृत्ती एका डागाकडे बघत होता आणि त्याचे हातपाय गार पडले होते. कारण तो डाग म्हणजे तो स्वतः होता.

झालं होतं असं. त्याची बायको जयमाला कंबरदुखीपायी योगा शिकली, आणि शिकता शिकता गावातल्या बायांना शिकवायला लागली. निवृत्तीने पारावर बसून त्याची यथेच्छ टिंगल केली. "आमची बायको सध्या चटई टाकून लोळते, आन त्याले योगा म्हणते!" माणसं खदाखदा हसली. पुढे टोमॅटोचे कॅरेट उचलताना याचीच पाठ धरली. मग काय करणार? जयमाला घरात नसली की हा हळूच तिची योगा मॅट अंथरायचा, पाठीला तेल चोपडायचा आणि शवासनात पडायचा. ही गोष्ट पारावर कळली असती तर त्याला गाव सोडावं लागलं असतं.

आज जयमाला साखरखेर्ड्याला बहिणीकडे गेलेली. जाताना बजावून गेली होती, "उद्या लोणारले न्याची हाय चटई. हात लावू नका. पुसाचीच असली तं ओल्या फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा. साबण नाही, ऊन नाही, पिळाची तं बिलकुल नाही!"

एवढे लाड तर जावयाचेसुद्धा होत नाहीत, असं म्हणत निवृत्तीने आज तेल जरा सढळ हाताने लावलं आणि मॅटवर आडवा झाला. डोळा लागला. उठून बघतो तर जांभळ्या मॅटवर अख्खा निवृत्ती उमटलेला! डोकं, खांदे, पाठ, आणि त्याखालचंही सगळं!

आणि उद्या लोणारला मुलींच्या शाळेत योगशिक्षिकेची निवड होती. जयमाला महिनाभर त्याच एका गोष्टीवर जगत होती.

"एका पाण्यात काढतो!" निवृत्ती स्वतःलाच म्हणाला. ओलं फडकं बायकांना शोभतं. त्याने मॅट सरळ विहिरीवरच्या हौदात टाकली, वर सोडा टाकला, मूठभर साबणचुरा टाकला आणि गोधडी तुडवतात तशी ती तुडवायला लागला. डाग हलला नाही. फेस मात्र आला. त्याने मॅट दुसऱ्या पाण्यात घातली, पुन्हा फेस. तिसऱ्या पाण्यात घातली, दुप्पट फेस! शेवटी मोटर चालू करून नळीच सोडली, तर फेस हौदाच्या काठावरून उतरून कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरला. मॅट बाहेर ओढली तर ती हलेना. स्पंजच तो, अर्धा हौद पिऊन बसला होता. पिळायला गेला, तर मॅटऐवजी त्याचीच पाठ पिळली गेली.

तेवढ्यात फोन वाजला.

"अवो, माह्यं काम लवकर आटपलं. बसमधी बसली मी. चटई बरी हाय ना?"

"चटईले काय धाड भरली!" निवृत्ती ओरडला. पायाखाली पाण्याचं तळं साचलं होतं.

आता सावलीत वाळवायची म्हटलं तर पुढचा आठवडा उजाडला असता. पिळायला हवी होती, आणि माणसाच्या हाताने ती पिळली जाणार नव्हती. हाताने जे पिळलं जात नाही ते गावात कुठे पिळतात? निवृत्तीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने मॅट कशीबशी उपसून फटफटीवर टाकली आणि रस्त्यावरची भागवतची रसवंती गाठली.

भागवत त्याचा शाळेपासूनचा मित्र. चरकात ऊस घालता घालता तो थांबला.

"काय बे, हे काय आणलं?"

"पिळून दे."

"हे? अबे, उसाचा चरक हाय तो!"

"भागवत, जयमाला बसमधी हाय."

भागवतला पण बायको होती. त्याने चरकातला ऊस बाजूला काढला. दोघांनी मॅटची लांबट घडी केली आणि तिचं तोंड चरकात दिलं. आधी काही झालं नाही. मग इंजिन कण्हलं, पट्टा किंचाळला आणि मॅट निम्म्यावर जाऊन अडकली!

"बंद कर! बंद कर!"

"बंद केलं तं आतच राहील थे! ओढ तू तिकून!"

निवृत्ती पलीकडून ओढू लागला, भागवत अलीकडून ढकलू लागला, आणि चरकाखालच्या पातेल्यात पांढराशुभ्र फेस धो धो पडायला लागला. बाकावर रसाची वाट बघत बसलेला एक म्हातारा ते पाहून उठला, "मले आता तहान नाही," म्हणाला आणि निघून गेला. शेवटी फाटकन आवाज झाला, आणि निवृत्ती मॅटसकट रस्त्यावर बसला.

मॅट पिळली गेली होती, यात शंका नाही. जवळजवळ कोरडी होती! फक्त हातभर लांब झाली होती. वरचा निवृत्तीही तेवढाच लांबला होता. इतका सडपातळ तो आयुष्यात कधी दिसला नव्हता. आणि सगळीकडून उसाचा गोड गोड वास सुटला होता.

घरी येऊन त्याने काय केलं असेल? ओलं फडकं घेतलं आणि मॅट पुसली! सावलीत वाळवली! डाग आत जाईल अशी घट्ट गुंडाळी करून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी केली. जयमाला दारात आली तेव्हा तो जमिनीवर बसून मन लावून मेथी निवडत होता.

जयमालाने गुंडाळीकडे पाहिलं. पण तिने ती उघडली नाही. ती त्याच्यासमोर बसली.

"एक सांगू काय? उद्या तुम्हाले यावं लागते माह्यासंगं."

"सोडाले?"

"नाही. नवीन माणसाले कसं शिकवतो थे पाहणार हायेत. ज्यानं त्यानं आपला विद्यार्थी आणाचा. मी तुमचं नाव देल्लं."

"माह्यं?" मेथीची जुडी हातातून गळाली. "मले काय येते त्यातलं!"

"शवासन येते की," जयमाला शांतपणे म्हणाली. "तेलाचा वास मले येत नाही काय? रोज येते."

निवृत्तीला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

"सगळ्या गावासमोर करा लागन, माहीत हाय मले," ती हळू आवाजात म्हणाली. "पण इतकी वर्सं मुळे धुतले, भाजी निवडली. एक काम माह्या नावाचं पाहिजे हो मले. येता ना?"

तिने आजवर त्याच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. आत्ता सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. पण तोंडातून निघालं, "हाव, येतो."

दुसऱ्या दिवशी लोणारच्या शाळेचं सभागृह भरलं होतं. सुलतानपूरच्या सगळ्या बाया आल्या होत्या, आणि मागच्या रांगेत, शांतपणे बसवेल तर शपथ, भागवत! जयमालाचं नाव पुकारलं गेलं. निवृत्तीने मंचावर मॅट उलगडली. ती चर्र चर्र आवाज करत सुटी झाली. डागाची बाजू त्याने खाली घातली आणि हुश्श केलं. तेवढ्यात त्याला दिसलं की मॅटच्या मधोमध लाल मुंग्यांची एक रांग चालली आहे. मग दिसलं की एकच रांग नाही.

"ताडासन," जयमाला म्हणाली.

ते निभावलं. उलट पाय मॅटला असे चिकटले की तो तसूभर डुलला नाही. परीक्षक बाईंनी मान डोलावली.

"आता पाठीवर झोपा. शवासन. शरीर एकदम सैल सोडा. काहीही झालं तरी हलायचं नाही."

निवृत्ती आडवा झाला. पहिली मुंगी बनियनमध्ये शिरली ती मानेकडून. दुसरी कुठून शिरली ते सांगण्यासारखं नाही. मग सगळ्याच शिरल्या.

"उजवा पाय शिथिल... डावा पाय शिथिल..." म्हणत जयमाला वाकली. तिला मुंग्या दिसल्या. उसाचा वास आला. मॅटची वळलेली कड दिसली, आणि तिच्यावरचा निवृत्तीचा लांबलेला कान. निवृत्तीने डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याहून जास्त भीती होती. तो उठला असता तर सगळं तिथेच संपलं असतं.

"हलू नका," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

मेलो तरी हलत नाही, निवृत्तीने मनात ठरवलं. मांडीला चावा बसला, तो हलला नाही. काखेत बसला, नाही हलला. जिथे बसायला नको होता तिथे बसला, तेव्हा फक्त डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

"अहाहा!" परीक्षक बाई भारावून उठल्या. "नवशिक्या माणूस, आणि केवढी ही स्थिरता! डोळ्यांतून धारा लागल्यात बघा! बाई, शिकवावं तर असं. निवड तुमचीच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. निवृत्ती ताडकन उठला आणि पडद्यामागे पळाला. तिथे बनियन काढून त्याने जे काही केलं, ते कुठल्याच आसनात बसत नाही. पण अंग पेटलेलं असतानाही त्याला हसू येत होतं. जिंकली! माझी बायको जिंकली!

इतक्यात परीक्षक बाईंचा आवाज आला. "अहो जयमालाबाई, फोटो काढायचाच राहिला की! यजमान पुन्हा एकदा तसेच पडतील का? पाचच मिनिटं!"

"पडतात ना मॅडम, काऊन नाही पडत," जयमाला गोड हसून म्हणाली, आणि मॅट न झटकताच नीट सरळ करून ठेवली.